विश्लेषण : आकाशातल्या ढगांवरून भूकंपाचा अंदाज बांधता येतो का?

मोठा भूकंप झाला की काही तासांतच समाजमाध्यमांवर आकाशाची छायाचित्रे फिरू लागतात. कुठे लांबलचक सरळ रेषेसारखा ढग, कुठे लाटांसारखे पट्टे, कुठे उडत्या तबकडीसारखा आकार. ‘निसर्गाने आधीच इशारा दिला होता, पण कोणी लक्ष दिले नाही’ असा मजकूर सोबत असतो. या दाव्यांमागे किती तथ्य आहे, ते तपासले गेले तेव्हा काय निष्पन्न झाले आणि अशा भाकितांवर विसंबण्यात धोका कोणता, याचा हा आढावा.

बुर्साच्या आकाशात काय दिसले होते?

१९ जानेवारी २०२३ रोजी सकाळी तुर्कस्तानच्या वायव्येकडील बुर्सा शहरावर नारिंगी-गुलाबी रंगाचा, मधोमध पोकळी असलेला प्रचंड गोलाकार ढग दिसला. लोकांनी त्याची छायाचित्रे आणि चित्रफिती जगभर पाठवल्या. तुर्कस्तानच्या हवामान विभागाने हा भिंगाच्या आकाराचा, म्हणजे ‘लेंटिक्युलर’ ढग असल्याचे सांगितले आणि विषय तेवढ्यावर संपला.

त्यानंतर १८ दिवसांनी, ६ फेब्रुवारीच्या पहाटे, देशाच्या आग्नेय भागात ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला. सुमारे नऊ तासांनी त्याच परिसरात ७.५ तीव्रतेचा दुसरा भूकंप झाला. एकट्या तुर्कस्तानात ५३ हजारांहून अधिक लोक मृत्युमुखी पडले, सीरियातही हजारो बळी गेले. मग बुर्साचा तो ढग पुन्हा बाहेर काढण्यात आला आणि या वेळी ‘भूकंपाची पूर्वसूचना’ म्हणून पसरला.

यात दोन गोष्टी बाजूला राहिल्या. बुर्सा आणि भूकंपाचे केंद्र यांच्यात सुमारे साडेसातशे किलोमीटरचे अंतर आहे. दुसरे म्हणजे, बुर्सा हे उलुदाग या अडीच हजार मीटरहून उंच पर्वताच्या पायथ्याशी वसलेले शहर आहे आणि लेंटिक्युलर ढग तयार होण्यासाठी नेमका असाच पर्वत लागतो.

असे ढग तयार कसे होतात?

ओढ्याच्या पाण्यात मोठा दगड असेल तर त्याच्या पुढे पाण्याला एक उंचवटा येतो. पाणी वाहत राहते, पण उंचवटा जागच्या जागी दिसतो. डोंगरावरून वाहणाऱ्या हवेचेही तसेच होते. दमट आणि स्थिर हवा डोंगरावर आदळून वर ढकलली जाते, पुढे खाली येते, पुन्हा वर जाते. या लाटेच्या माथ्यावर हवा थंड होऊन बाष्पाचे थेंब बनतात, उतारावर ते पुन्हा विरतात. त्यामुळे ढग एकाच ठिकाणी खिळल्यासारखा वाटतो, कडा गुळगुळीत दिसतात. उगवत्या किंवा मावळत्या सूर्याचा प्रकाश तिरपा पडला की त्याला लाल-नारिंगी छटा येते.

‘भूकंपाचे ढग’ म्हणून दाखवल्या जाणाऱ्या इतर आकारांचेही असेच आहे. सरळ रेषेतला ढग बहुतेक वेळा विमानाच्या धुरातील बाष्प गोठून तयार झालेला असतो. वरच्या थरात हवा दमट असेल तर ही रेघ तासन्‌तास टिकते आणि रुंदावत जाते. समांतर पट्टे हे वेगवेगळ्या वेगाने वाहणाऱ्या हवेच्या दोन थरांमधील लाटांमुळे उमटतात. क्षितिजावर एका बिंदूतून फुटल्यासारखे दिसणारे पट्टे प्रत्यक्षात समांतरच असतात. दूर गेलेले रेल्वेचे रूळ एकत्र आल्यासारखे दिसतात तसा तो नजरेचा परिणाम असतो. आकार विलक्षण असला, तरी त्याची कारणे रोजच्या हवामानात सापडतात.

ही समजूत आली कुठून?

ती समाजमाध्यमांहून फार जुनी आहे. ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल याने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात निरभ्र आकाशात दिसणाऱ्या बारीक, लांब ढगाचा उल्लेख भूकंपाचे चिन्ह म्हणून केला आहे. भारतात सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त भूकंपाच्या लक्षणांवर स्वतंत्र अध्याय आहे आणि त्यात आकाशातील चिन्हांचाही समावेश आहे. ढगांवरून भूकंप ओळखण्याचे ‘प्राचीन ज्ञान’ म्हणून हा संदर्भ मराठी आणि हिंदी संदेशांतून अनेकदा पुढे केला जातो.

या ग्रंथांचा काळ लक्षात घेतला तर त्यामागची विचारपद्धती समजते. ॲरिस्टॉटलच्या मते जमिनीच्या पोटात अडकलेला वारा बाहेर पडू लागला की धरणी हादरते. भूकंपाचे कारणच वारा असेल, तर वाऱ्याचा परिणाम ढगांवर दिसणार, हे त्या चौकटीत तर्काला धरून होते. पुढे ती चौकटच बदलली. १९०६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला झालेल्या भूकंपाच्या अभ्यासातून हॅरी रीड यांनी दाखवून दिले, की खडकांत वर्षानुवर्षे साठलेला ताण भ्रंशरेषेवर अचानक मोकळा होतो आणि जमीन हादरते. वाऱ्याची भूमिका संपली, पण ढगांवरचा विश्वास मागे उरला.

जपानमध्ये या ढगांना ‘जिशिन-गुमो’ असे नावच आहे. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात नारा शहराच्या एका महापौरांनी ही कल्पना लोकप्रिय केली. आजही तिथे धक्का बसला की हा शब्द समाजमाध्यमांवर वर येतो. जपानच्या हवामान संस्थेने मात्र ढगांवरून भूकंप सांगण्याला शास्त्रीय आधार नसल्याची भूमिका सातत्याने मांडली आहे. तेथील ढगांचे अभ्यासक केंतारो अराकी तर हेच समजावून सांगण्यासाठी ओळखले जातात.

आधुनिक दावेदारांचे म्हणणे काय?

या विषयाला उपग्रहांमुळे नवे बळ मिळाले. कॅलिफोर्नियात स्थायिक झालेले निवृत्त चिनी रसायनतज्ज्ञ झोंगहाओ शोउ यांनी नव्वदच्या दशकापासून उपग्रह छायाचित्रांवरून भाकिते करायला सुरुवात केली. भूकंपाआधी खडकांना भेगा पडतात, त्यात पाणी शिरून तापते, त्याची वाफ भेगांतून वर येते आणि तिचा ढग बनतो, असा त्यांचा सिद्धांत आहे. २६ डिसेंबर २००३ रोजी इराणमधील बाम शहर भूकंपाने उद्ध्वस्त झाले आणि सुमारे २६ हजार लोक मरण पावले. काही दिवस आधीच्या उपग्रह छायाचित्रात आपल्याला या भागातून निघालेला ढग दिसला होता आणि त्यावरून आपण आधीच इशारा दिला होता, असे शोउ यांचे म्हणणे आहे.

चीनमधील संशोधक गुओ ग्वांगमेंग यांनी वेगळी खूण मांडली. डिसेंबर २००४ मध्ये दक्षिण इराणवर ढग सरकत असताना भ्रंशरेषेच्या वर एक फट मात्र काही तास जागच्या जागी राहिली, असे त्यांच्या निदर्शनास आले. सुमारे दोन महिन्यांनी, फेब्रुवारी २००५ मध्ये, त्या भागात ६.४ तीव्रतेचा भूकंप झाला. हे निरीक्षण २००८ मध्ये एका शोधपत्रिकेत प्रसिद्ध झाले.

इथेच एक अडचण दिसते. शोउ यांच्या मते ढग दिसणे ही खूण आहे. गुओ यांच्या या निबंधात ढग नसणे ही खूण आहे. पुढे गुओ यांनी रेषेसारख्या ढगालाही खूण मानले. ढग असला तरी चालतो आणि नसला तरी चालतो, अशी कसोटी असेल तर ती चुकणार कधी, हा प्रश्न उरतो.

दावा प्रत्यक्ष तपासला तेव्हा काय आढळले?

२० मे २०१२ रोजी उत्तर इटलीतील पो नदीच्या खोऱ्यात ६.० तीव्रतेचा भूकंप झाला. मध्य इटलीतील अपेनाइन पर्वतावर रेषेसारखा ढग पाहून आपण हा भूकंप आधीच सांगितला होता, असा दावा गुओ आणि त्यांच्या सहकाऱ्याने २०१३ मध्ये केला. जेरेमी थॉमस, फाब्रिझियो मासी आणि जेफ्री लव्ह या तीन शास्त्रज्ञांनी तो तपासायचे ठरवले. त्यांचा निबंध २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला.

त्यांची पद्धत अगदी साधी होती. भूकंपाच्या आधीचे एक छायाचित्र पाहण्याऐवजी त्यांनी इटलीची चार वर्षांची उपग्रह छायाचित्रे पाहिली. तशाच रेषाकृती ढगांची अनेक उदाहरणे त्यांना सापडली. मग या ढगांच्या तारखा आणि इटलीतील भूकंपांच्या तारखा त्यांनी समोरासमोर ठेवल्या. दोहोंत कोणताही ठळक सांख्यिकी संबंध आढळला नाही. ज्या ढगावरून भाकीत केल्याचे सांगितले गेले तोसुद्धा डोंगरावरून वाहणाऱ्या दमट वाऱ्यामुळे बनलेला दिसत होता.

या शास्त्रज्ञांनी आणखी दोन आक्षेप नोंदवले. ढगावरून भूकंपाची जागा, वेळ आणि तीव्रता कशी काढायची, याचा स्पष्ट नियम कुठेही दिलेला नव्हता. तसेच आजवर केलेल्या सर्व भाकितांची, त्यातल्या चुकलेल्या भाकितांसह, यादी प्रसिद्ध केलेली नव्हती. दुसरा आक्षेप अधिक महत्त्वाचा आहे. शंभर भाकितांतील पाच जुळली आणि फक्त तीच पाच लोकांपुढे ठेवली, तर कोणीही द्रष्टा ठरू शकतो.

मग काही भाकिते ‘खरी’ का ठरतात?

कारण भूकंप दुर्मीळ नाहीत. जगात ५ किंवा त्याहून अधिक तीव्रतेचे भूकंप वर्षाला साधारण दीड हजार, म्हणजे दिवसाला सरासरी चार होतात. ६ च्या वरचे भूकंप वर्षाला सव्वाशे ते दीडशे असतात, तर ७ च्या वरचे पंधराच्या आसपास. जपानमध्ये माणसांना जाणवू शकतील असे धक्के वर्षाला सुमारे दोन हजार, म्हणजे रोज पाचेक नोंदवले जातात. तिथे कोणत्याही दिवशी कोणत्याही ढगाचे छायाचित्र काढले तरी त्यापाठोपाठ कुठे ना कुठे धक्का बसणारच.

महाराष्ट्रातही असे भाकीत करणे अवघड नाही. कोयना-वारणा परिसरात १९६२ पासून ४ किंवा त्याहून अधिक तीव्रतेचे दोनशेच्या आसपास आणि त्याहून लहान हजारो धक्के नोंदवले गेले आहेत. पालघर-डहाणू पट्ट्यात नोव्हेंबर २०१८ पासून धक्क्यांची मालिकाच सुरू झाली. अशा ठिकाणी पावसाळ्यातल्या एखाद्या विचित्र ढगाकडे बोट दाखवून ‘पुढच्या दोन महिन्यांत या भागात भूकंप होईल’ असे सांगणाऱ्याचे भाकीत चुकण्याचा धोका फारसा नाही. ते खरे ठरले तरी त्याचे श्रेय ढगाला जात नाही.

म्हणूनच अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेच्या व्याख्येनुसार भाकितात तीन गोष्टी असाव्याच लागतात : तारीख आणि वेळ, ठिकाण, तीव्रता. तुर्कस्तानच्या भूकंपाच्या तीन दिवस आधी ‘आज ना उद्या या भागात ७.५ च्या आसपासचा भूकंप होईल’ अशा आशयाचा संदेश टाकणारे नेदरलँड्सचे फ्रँक हूगरबीट्स जगभर प्रसिद्ध झाले. ते ग्रहांच्या स्थितीवरून अंदाज बांधतात. त्यांच्या संदेशात ठिकाण म्हणून तुर्कस्तानचा दक्षिण-मध्य भाग आणि जॉर्डन, सीरिया, लेबनॉन एवढा विस्तीर्ण प्रदेश होता आणि तारीख नव्हतीच. मुदत नसलेले भाकीत कधीच चुकत नाही, ते फक्त खरे ठरायचे बाकी असते.

जमिनीखालच्या हालचालींचा हवेवर काहीच परिणाम होत नाही का?

हा प्रश्न शास्त्रज्ञांनी निकालात काढलेला नाही. खडकांवर प्रचंड दाब आला की त्यांत विद्युतभार निर्माण होतो, हे फ्रीडेमान फ्रॉइंड यांनी प्रयोगशाळेत दाखवले आहे. भूकंपाच्या वेळी आकाशात दिसणाऱ्या प्रकाशाची छायाचित्रे जपानमधील मात्सुशिरो येथे १९६० च्या दशकात टिपली गेली. भेगांतून बाहेर येणाऱ्या रेडॉन वायूचा आणि वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरातील बदलांचा अभ्यास अनेक देशांत सुरू आहे. त्यासाठी फ्रान्सने २००४ मध्ये ‘डेमेटर’ आणि चीनने २०१८ मध्ये ‘झांगहंग-१’ हा उपग्रह सोडला.

पण ‘काहीतरी परिणाम होत असू शकतो’ आणि ‘त्यावरून भूकंप सांगता येतो’ यांत मोठे अंतर आहे. भूकंपापूर्वी आढळलेले असे बदल इतर वेळीही आढळतात आणि अनेक मोठ्या भूकंपांआधी ते आढळतच नाहीत. कॅलिफोर्नियातील पार्कफील्ड हे गाव याचे बोलके उदाहरण आहे. तिथे ठरावीक काळाने साधारण ६ तीव्रतेचा भूकंप होतो असे दिसल्यावर शास्त्रज्ञांनी पुढचा भूकंप १९९३ पूर्वी होईल असा अंदाज बांधला आणि परिसरात उपकरणांचे जाळे विणले. भूकंप झाला तो २८ सप्टेंबर २००४ रोजी. इतक्या बारीक नजरेखाली असूनही त्याआधी कोणताही खात्रीलायक पूर्वसंकेत मिळाला नाही.

यशस्वी भाकीत म्हणून चीनमधील हाइचेंगचे उदाहरण दिले जाते. फेब्रुवारी १९७५ मध्ये ७.३ तीव्रतेच्या भूकंपाआधी तिथे लोकांना घराबाहेर काढले गेले आणि बरेच जीव वाचले. पण तिथे मुख्य धक्क्याआधी लहान धक्क्यांची रांगच लागली होती. पुढच्याच वर्षी, जुलै १९७६ मध्ये, तांगशानला असा इशारा मिळाला नाही आणि अधिकृत आकड्यांनुसार दोन लाख ४० हजारांहून अधिक लोक मेले.

चुकीचे भाकीत केले तर बिघडते काय?

‘खबरदारी घेतली तर नुकसान काय’ हा युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो. इटलीतील लाक्विला शहराची कहाणी त्याचे उत्तर देते. २००९ च्या सुरुवातीपासून तिथे लहान धक्के बसत होते. जांपाओलो जुलियानी या तंत्रज्ञाने रेडॉन वायूच्या मोजमापावरून मार्चच्या अखेरीस भूकंपाचा इशारा दिल्याचे सांगितले जाते. तो इशारा सुल्मोना या सुमारे ५० किलोमीटरवरील गावासाठी होता. तिथे घबराट उडाली, भूकंप मात्र झाला नाही. ६ एप्रिलच्या पहाटे भूकंप झाला तो लाक्विलात. ३०९ जण दगावले. सुल्मोनाच्या रहिवाशांना सुरक्षित जागा म्हणून लाक्विलात हलवले असते तर काय झाले असते, याची कल्पना करता येते.

या प्रकरणाची दुसरी बाजूही तितकीच गंभीर आहे. घबराट शमवण्याच्या प्रयत्नात लोकांना नको इतका दिलासा दिला गेला. त्यावरून सहा शास्त्रज्ञ आणि एक अधिकारी यांना २०१२ मध्ये न्यायालयाने दोषी ठरवले. २०१४ मध्ये सहाही शास्त्रज्ञांची वरच्या न्यायालयात सुटका झाली. ‘भूकंप होणारच’ हे जसे सांगता येत नाही, तसे ‘होणार नाही’ हेही सांगता येत नाही.

अफवेचा आर्थिक फटका २०२५ मध्ये जपानने अनुभवला. र्यो तात्सुकी यांच्या एका चित्रकथेतील स्वप्नाच्या आधारे जुलै २०२५ मध्ये महाभयंकर आपत्ती येणार, अशी अफवा पूर्व आशियात पसरली. हाँगकाँगहून जपानला जाणाऱ्या प्रवाशांची संख्या रोडावली, काही विमान कंपन्यांनी फेऱ्या कमी केल्या. ही भाकिते निराधार असल्याचे जपानच्या हवामान संस्थेच्या प्रमुखांना जाहीरपणे सांगावे लागले. अफवेत सांगितलेला ५ जुलैचा दिवस उलटला. महिनाअखेरीस रशियाच्या कामचाटका किनाऱ्याजवळ ८.८ तीव्रतेचा भूकंप झाला, तेव्हा काहींनी त्यालाच भाकिताची पूर्ती मानले. तारीख चुकली, ठिकाण चुकले, तरी विश्वास टिकला.

वारंवार चुकणाऱ्या इशाऱ्यांचा आणखी एक परिणाम दिसायला वेळ लागतो. लांडगा आला रे आला अशी गत झाली की खऱ्या, अधिकृत सूचनेकडेही लोक दुर्लक्ष करतात.

शास्त्रज्ञ मग नेमके काय सांगू शकतात?

तीन गोष्टी सांगता येतात. पहिली, दीर्घकालीन धोका. कोणत्या भ्रंशरेषेवर किती ताण साठला आहे, याचा अंदाज जुन्या भूकंपांच्या नोंदी आणि उपग्रहाद्वारे होणाऱ्या मोजमापांवरून बांधता येतो. तुर्कस्तानचे भूवैज्ञानिक नाजी ग्योरुर हे काहरामानमाराश परिसरातील धोक्याबद्दल २०२३ च्या आधी काही वर्षे बोलत होते. त्यांच्याकडे तारीख नव्हती, पण भूकंप झाला तो याच परिसरात.

दुसरी, बदलती शक्यता. ८ ऑगस्ट २०२४ रोजी जपानच्या दक्षिणेला ७.१ तीव्रतेचा भूकंप झाल्यावर तेथील हवामान संस्थेने नानकाई खंदकातील महाभूकंपाबाबत प्रथमच विशेष सूचना जारी केली. महाभूकंपाची शक्यता नेहमीपेक्षा काही पटींनी वाढली आहे, एवढाच तिचा अर्थ होता. तरीही आठवडाभरात तो होण्याची शक्यता काही शे प्रसंगांत एकदा, इतकी कमीच होती. लोकांना घरे सोडायला सांगितले नाही. सामान बांधून ठेवा, बाहेर पडण्याचा मार्ग पाहून ठेवा, असे सांगितले. पंतप्रधान फुमिओ किशिदा यांनी परदेश दौरा रद्द केला. आठवडाभराने सूचना मागे घेण्यात आली, महाभूकंप झाला नाही. हे भाकीत ‘चुकले’ असे म्हणता येत नाही, कारण शक्यता किती आणि मुदत किती हे आधीच सांगितले होते.

तिसरी, भूकंप सुरू झाल्यानंतरचा इशारा. भूकंपाच्या प्राथमिक लहरी सेकंदाला सुमारे सहा किलोमीटर वेगाने पोहोचतात, तर जास्त हानी करणाऱ्या दुय्यम लहरी साडेतीन किलोमीटरच्या आसपास वेगाने. पहिल्या लहरी टिपून दुसऱ्या पोहोचण्यापूर्वी काही सेकंद लोकांना सावध करता येते. जपानमध्ये अशी देशव्यापी व्यवस्था २००७ पासून आहे. भारतात अँड्रॉइड फोनवर अशी सूचना देण्याची सोय सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झाली. मात्र केंद्राच्या अगदी जवळ असलेल्यांना एवढाही वेळ मिळत नाही.

महाराष्ट्रात कोयना परिसरात यापुढचे पाऊल टाकण्याचा प्रयत्न सुरू आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपानंतर हा भाग धरणाच्या जलाशयामुळे होणाऱ्या भूकंपांच्या अभ्यासासाठी जगभर ओळखला जातो. भूकंप जिथे जन्मतात तिथेच खडकातील ताण मोजता यावा, यासाठी तिथे तीन किलोमीटर खोलीचे विंधनविवर घेण्यात आले आहे आणि कराडजवळील हजारमाची येथे संशोधन केंद्र उभे राहिले आहे. भूकंपाचा माग आकाशाऐवजी जमिनीच्या पोटात घेण्याचा हा मार्ग आहे. तो संथ आहे आणि त्याचेही यश गृहीत धरता येत नाही.

किल्लारीने काय दाखवून दिले?

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसर हादरला. आदल्या रात्री गणपती विसर्जन उरकून लोक झोपले होते. भूकंपाची तीव्रता ६.२ होती. जगाच्या हिशेबात वर्षाला शंभरावर होणाऱ्या भूकंपांपैकी तो एक, पण लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत त्याने दहा हजारांच्या आसपास बळी घेतले.

या भूकंपाआधी संकेत होते का? होते, आणि ते जमिनीनेच दिले होते. १९९२ मध्ये या भागात अनेक लहान धक्के जाणवले होते. ऑक्टोबरमधला एक धक्का ४ तीव्रतेच्या जवळपास होता. पण अशा शेकडो धक्क्यांच्या मालिका मोठा भूकंप न होताच थांबतात. ही मालिका वर्षभराने कशात संपणार, हे तेव्हा कोणालाही सांगता येणे शक्य नव्हते. देशाच्या त्या वेळच्या भूकंपप्रवणता नकाशात तर हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या क्षेत्रात दाखवलेला होता. म्हणजे शास्त्रीय अंदाजही इथे चुकला होता. फरक एवढाच, की ही चूक नोंदली गेली, तपासली गेली आणि नकाशा बदलण्यात आला.

इतके बळी जाण्याचे मोठे कारण घरांच्या बांधणीत होते. मातीत रचलेल्या जाडजूड दगडी भिंती आणि त्यावर मातीच्या थराचे जड माळवद, ही त्या भागातली रूढ बांधणी. दगडांना धरून ठेवणारे काही नव्हते. जमीन हादरताच भिंती फुगून फाटल्या आणि माळवद झोपलेल्या माणसांवर कोसळले. पुढे पन्नासहून अधिक गावांचे पुनर्वसन झाले. जुन्या घरांच्या भिंती एकसंध राहाव्यात म्हणून दाराखिडक्यांच्या वरून सगळ्या भिंतींना बांधणारा काँक्रीटचा पट्टा आणि भिंतीच्या दोन्ही अंगांना जोडणारे आरपार दगड, हे साधे उपाय सांगितले गेले.

तुर्कस्तानातही हाच धडा दुसऱ्या रूपात मिळाला. तिथे बांधकामाचे नियम चांगले होते, पण २०१८ मध्ये सरकारने दंड भरून बेकायदा बांधकामे नियमित करण्याची सवलत दिली होती. भूकंपानंतर त्या निर्णयावर मोठी टीका झाली.

असा संदेश आला तर काय पाहावे?

ढगाचे छायाचित्र आणि भूकंपाचे भाकीत असलेला संदेश पुढे पाठवण्यापूर्वी चार प्रश्न विचारता येतात. त्यात तारीख, ठिकाण आणि तीव्रता स्पष्ट दिली आहे का? तो भूकंपाच्या आधी प्रसिद्ध झाला होता की नंतर? त्याच व्यक्तीची चुकलेली भाकिते कुठे पाहायला मिळतात? आणि तसाच ढग दिसूनही भूकंप झाला नाही, असे किती वेळा घडले? फिरणाऱ्या बहुतेक संदेशांचा पहिल्याच प्रश्नाला निकाल लागतो.

ढगांवरची श्रद्धा टिकून आहे, कारण ‘भूकंप कधी होणार’ या प्रश्नाचे उत्तर सर्वांनाच हवे आहे आणि ते शास्त्राकडे आज नाही. ‘भूकंप झाला तर कोणते घर उभे राहील’ या प्रश्नाचे उत्तर मात्र अभियंते देऊ शकतात. किल्लारीत त्या पहाटे माणसे दबली ती भिंतींखाली, आणि भिंत कच्ची आहे की पक्की, हे भूकंपाच्या कित्येक वर्षे आधी तपासता येते.